फौजीच्या बायकोचा मुलूख

सास्तूरच्या बाईला दुसऱ्यानं आखून दिलेल्या घरात संसार मांडायची सवय आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात, गणपती विसर्जन करून दमून झोपलेलं गाव दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाखाली गेलं. त्या भूकंपाला किल्लारीचं नाव मिळालं. पण तेव्हाच्या उमरगा तालुक्यातलं, आता लोहारा तालुक्यात असलेलं सास्तूर हेही सगळ्यात जबर फटका बसलेल्या गावांपैकी एक. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या दोन जिल्ह्यांत मिळून सरकारी नोंदीप्रमाणे साडेसात हजारांहून अधिक माणसं गेली. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. ज्याची जितकी जमीन, त्याप्रमाणे २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांचं घर. रुंद रस्ते, सरळ रांगा, प्रत्येक घराला नंबर. जुन्या घरात ढाळज होती, कणगीला जागा होती, जनावरं नजरेसमोर होती, चुलीपाशी चार बायका बसत. नव्या आराखड्यात यातलं पुष्कळ काही नव्हतं. बायकांनी मग हळूहळू मागे पत्रा टाकला, पुढे ओटा बांधला आणि त्या घराला आपलं केलं.

अशा गावात वाढलेली किंवा सून म्हणून आलेली मुलगी फौजीशी लग्न करते आणि एक दिवस पठाणकोट, जालंधर किंवा तेजपूरच्या छावणीत फॅमिली क्वार्टरच्या दारात उभी राहते. पुन्हा सरळ रांगा, पुन्हा भिंतीवर रंगवलेला नंबर, पुन्हा दुसऱ्यानं ठरवलेल्या खोल्या. ती तिथे कशी राहते, कुठे हिंडते, काय शिकते आणि गावी परतल्यावर त्या शिकण्याचं काय होतं, हे या लेखात पाहायचं आहे. आपल्याकडे फौजीच्या बायकोची आठवण दोनदाच होते: तो सुट्टी संपवून निघतो तेव्हा, आणि तिरंग्यात गुंडाळलेली पेटी गावात येते तेव्हा. मधली पंधरा-सतरा वर्षं कुणी मोजत नाही. ती मोजली पाहिजेत, असं माझं ठाम म्हणणं आहे.

लष्कर दोनदा दारात आलं

या पट्ट्याचं आणि लष्कराचं नातं भरतीच्या मैदानावर सुरू झालेलं नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं. पुढे त्याच रस्त्यानं उमरग्यावरून ती हैदराबादकडे सरकली. १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली. रझाकारांच्या भीतीनं शेतातल्या पिकांत रात्री काढलेल्या आजीबाईंच्या तोंडी ‘मिल्ट्री आली’ हे शब्द सुटकेचे शब्द होते. पुढे १९९३ मध्ये भूकंपग्रस्त गावांत जवान पुन्हा आले. ढिगारे उपसले, जखमींना बाहेर काढलं, प्रेतांना अग्नी दिला. ज्यांची घरं गेली त्यांनी हिरव्या वर्दीतल्या अनोळखी पोरांच्या हातचं पाणी प्यायलं.

त्या पहाटे एरवीची दिशा उलटी झाली होती. एरवी सीमेवरची बातमी गावात येते आणि गाव काळीज मुठीत धरून बसतं. त्या दिवशी या भागातून फौजेत गेलेली पोरं कुठल्यातरी चौकीवर रेडिओशी कान लावून बसली असतील. घरच्यांचं काय झालं हे कळायला मार्ग नव्हता. दूर राहणं म्हणजे काय, हे तेव्हा दोन्ही टोकांना कळलं.

मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतीत दोन भावांचं भागत नाही, म्हणून एक भाऊ फौजेत जातो, हे खरं आहे. पण एवढंच कारण सांगणं अपुरं आहे. ज्या वर्दीनं दोनदा दारात येऊन हात दिला, तिच्याबद्दल इथे मनात एक जागा आहे. पोरगी देताना बापही तिकडे बघतो.

निघण्याआधीचे कागद

क्वार्टरपर्यंतची वाट आधी कागदातून जाते. लग्न झालं की युनिटच्या दफ्तरात ‘पार्ट टू ऑर्डर’ निघावी लागते. ती निघेपर्यंत फौजेच्या लेखी या बाईचं अस्तित्व नसतं. विवाह नोंदणीचा दाखला, दोघांचा एकत्र फोटो, जन्मतारखेचा पुरावा, बँकेत जोडखातं. मुलं झाली की प्रत्येकाची पुन्हा ऑर्डर.

इथे आपल्या चालीरीती आडव्या येतात. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची हौस अजून गेलेली नाही. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, लग्नपत्रिकेत दुसरं, आधार कार्डावर माहेरचं आडनाव, रेशन कार्डावर सासरचं. नवरा घाईत युनिटमध्ये तिसरंच स्पेलिंग सांगतो. तेव्हा कुणाला काही वाटत नाही. वीस-तीस वर्षांनी कुटुंब निवृत्तिवेतनाची वेळ येते तेव्हा तीच बाई तहसील, बँक आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यांच्या फेऱ्या मारत ‘ती मीच’ हे सिद्ध करत बसते. ज्या घरात मुलगी फौजीला द्यायची आहे, त्या घरानं हौसेखातर नाव बदलू नये. एवढी एक गोष्ट पाळली तरी पुढचे कितीतरी हेलपाटे वाचतील.

कागद झाले की क्वार्टरसाठी नंबर लावायचा. शांततेच्या ठाण्यावर, म्हणजे ‘पीस’ला बदली झाली तरच कुटुंब नेता येतं, आणि तिथेही क्वार्टर कमी, माणसं जास्त. नंबर लागला की निरोप येतो आणि बांधाबांध सुरू होते. काळी लोखंडी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नवऱ्याचा नंबर, हुद्दा, नाव. आत ज्वारीचं पीठ, काळं तिखट, शेंगदाण्याची चटणी, वरून दशम्यांची शिदोरी आणि तुळजापूरच्या देवीचा फोटो. सास्तूरहून सोलापूर, तिथून दौंड किंवा पुणे, आणि मग झेलम एक्स्प्रेस. पुण्याहून जम्मूपर्यंत जाणाऱ्या या गाडीत महाराष्ट्रातल्या फौजींच्या कितीतरी पिढ्यांनी दोन-दोन रात्री काढल्या आहेत. भुसावळपर्यंत मराठी ऐकू येतं. भोपाळ, झाशी, आग्रा मागे पडत जातात तसं बोलणं बदलतं. अंबाला आलं की खिडकीबाहेर गहू दिसू लागतो आणि सास्तूरच्या पोरीला पहिल्यांदा कळतं की आपण ज्याला शेत म्हणतो त्याच्या कितीतरी पट मोठ्या सपाट हिरव्या चादरीला इथे शेत म्हणतात.

रविवारची छावणी

पहिले काही महिने क्वार्टरच्या चार भिंतींतच जातात. नवरा पहाटे पीटीला जातो, दुपारी येतो, संध्याकाळी पुन्हा रोलकॉल. शेजारीण गढवालची, वरची तमिळनाडूची, समोरची बिहारची. मराठवाड्यातल्या बाईला हिंदी येतच नाही असं नाही. उमरगा-लोहारा भागात दखनी कानावर असते, कानडीही असते. पण ‘हौ’ आणि ‘नक्को’वाली आपली हिंदी ऐकून पलीकडची बाई हसते आणि तिथून ओळख सुरू होते. मग वाटीची देवाणघेवाण. सांबार येतं, लिट्टी येते, इकडून पिठलं जातं. भाकरी थापताना बघायला शेजारणी जमतात.

हिंडणं सुरू होतं ते कँटीनपासून. सीएसडी कँटीनची महिन्याची फेरी ही या बाईची पहिली स्वतंत्र बाहेरवारी असते. कार्ड तिच्या हातात, यादी तिची, हिशेब तिचा. ज्या बाईनं गावात किराणाही सासऱ्यांनी आणलेलाच पाहिला, ती इथे एका हातात पोर धरून रांगेत उभी राहते आणि महिन्याचा खर्च बसवते. मग आठवडी बाजार. मग मुलाच्या शाळेची सभा. १९६३ मध्ये लष्करी ठाण्यांवरच्या २० रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन केंद्रीय विद्यालयांची सुरुवात झाली, ती बदलीवर फिरणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठीच. तिथे प्रवेश मिळतो, वर्ष वाया जात नाही. त्याची किंमतही असते: मुलाला ‘ळ’ लिहिता येत नाही, पाढे हिंदीतून पाठ होतात आणि आजीला फोनवर काय बोलावं ते त्याला सुचत नाही. ज्या बायकांनी रोज रात्री पाटीवर मराठी मुळाक्षरं गिरवून घेतली, त्यांचीच मुलं पुढे गावी येऊन आजीशी बोलली.

सुट्टीच्या दिवशी मोठ्या सहली होतात. जालंधर, अमृतसरला असेल तर सुवर्णमंदिर. तिथल्या लंगरात ती पहिल्यांदा अनोळखी माणसांच्या पंगतीला बसते. तिथे शेजारी कोण हे कुणी विचारत नाही. तिथूनच वाघा-अटारीची संध्याकाळची परेड. जम्मूला असेल तर कटऱ्याहून वैष्णोदेवीची चढण. आसामात असेल तर गुवाहाटीची कामाख्या. राजस्थानात जैसलमेरकडे असेल तर तनोट मातेचं देऊळ, जिथली पूजाअर्चा सीमा सुरक्षा दलाचे जवानच करतात. तुळजाभवानीच्या जिल्ह्यातली बाई जिथे जाईल तिथे देवीचं ठाणं शोधते आणि ओटीचं खण-नारळ ट्रंकेत आधीपासून ठेवलेलं असतं. तिच्या सासूनं पंढरपूर, तुळजापूर आणि अक्कलकोटपलीकडचा मुलूख पाहिलेला नसतो. ही मात्र देशाची चारही टोकं पाहते, तीही स्वतःच्या पायांनी.

तरी वर्षातला एक दिवस जीव खातो. मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, इकडे म्हणतात ती येळवस. त्या दिवशी लातूर-धाराशिवची गावं ओस पडतात, सगळी माणसं शेतात. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. ज्याचं शेत नाही त्यालाही बोलावून जेवू घालायचं. क्वार्टरमध्ये ती मेथी, गाजर, वाटाणा, हरभऱ्याची भाजी गोळा करून भज्जी करते. तुरीचे कोवळे दाणे सहजी मिळत नाहीत. चव जमत नाही. मग ती लाइनीतल्या सगळ्या शेजारणींना बोलावते, मैदानात सतरंजी टाकते आणि जेवू घालते. चव नसली तरी येळवसीचा धर्म पाळला जातो, कारण त्या दिवसाचा खरा धर्म दुसऱ्याला आपल्या शेतात बोलावण्याचा आहे.

छावणीत सगळं गोड नसतं. नवऱ्याचा हुद्दा बायकोच्या खुर्चीपर्यंत येतो. ‘आवा’, म्हणजे सैनिकांच्या पत्नींसाठी १९६६ मध्ये सुरू झालेली कल्याण संघटना, शिवणकाम, संगणक, आरोग्य तपासणी, समुपदेशन असं बरंच काम करते. तिच्या कार्यक्रमांत साहेबांच्या बायका पुढे आणि जवानांच्या बायका मागे, हे चित्र मात्र अजून पुरतं बदललेलं नाही. पण मागच्या रांगेतूनही ती शिकते. माइकवर दोन वाक्यं बोलायची पाळी येते, हात थरथरतात, आणि पुढच्या वेळी थरथर कमी होते.

सावित्रीबाई खानोलकर

परमुलखातल्या ठाण्यांवरचं आयुष्य एखाद्या बाईला कुठवर नेऊ शकतं, याचं सर्वांत मोठं उदाहरण मराठी घरातलंच आहे, आणि ते आपल्याला पुरेसं माहीत नाही.

२० जुलै १९१३ ला स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल इथे जन्मलेली ईव्ह इव्हॉन मादे द मारोस ही मुलगी सँडहर्स्टला शिकणाऱ्या विक्रम खानोलकर या मराठी तरुणाच्या प्रेमात पडली. वडील हंगेरियन, आई रशियन. घरचा विरोध पत्करून ती भारतात आली आणि १९३२ मध्ये लखनौला लग्न करून सावित्रीबाई खानोलकर झाली. नवरा शीख रेजिमेंटचा अधिकारी. तिच्यासाठी सासरही परकं होतं आणि ठाणंही परकं. तिनं बदल्यांचीच शाळा केली. पाटण्याला असताना विद्यापीठात वेदान्त आणि उपनिषदांचा अभ्यास केला. मराठी, हिंदी, संस्कृत शिकली. महाराष्ट्राच्या संतांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं.

स्वातंत्र्यानंतर शौर्यपदकं नव्यानं घडवायची होती. मेजर जनरल हिरालाल अटल यांनी परमवीर चक्राच्या रचनेचं काम सावित्रीबाईंकडे सोपवलं. चारही दिशांना इंद्राचं वज्र आणि मधोमध राजमुद्रा, साध्या काशाचं पदक, जांभळी फीत. २६ जानेवारी १९५० ला ते अमलात आलं आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरलं गेलं. पहिलं परमवीर चक्र बडगामच्या लढाईत ३ नोव्हेंबर १९४७ ला धारातीर्थी पडलेल्या मेजर सोमनाथ शर्मा यांना मिळालं. ते सावित्रीबाईंच्या थोरल्या मुलीचे दीर. १९५२ मध्ये विक्रम खानोलकर गेले. सावित्रीबाई पुढे अध्यात्माकडे वळल्या आणि २६ नोव्हेंबर १९९० ला त्यांचं निधन झालं.

या देशातला सर्वोच्च लष्करी सन्मान एका फौजीच्या बायकोनं आखला आहे. तिला तो आखता आला, कारण बदलीवर फिरताना तिला शिकायला मिळालं, आणि तिच्या हातात काम देणारं कुणीतरी भेटलं. सास्तूरच्या मुलीत आणि तिच्यात बुद्धीचं अंतर मानायचं कारण नाही. अंतर संधीचं आहे.

फील्ड लागली की

दोन-तीन वर्षांनी नवऱ्याला ‘फील्ड’ लागते. सियाचिन, पूंछ, तवांग. तिथे कुटुंब नाही. काही ठाण्यांवर वेगळ्या राहणाऱ्या कुटुंबांसाठी क्वार्टर असतात, पण बहुतेक जवानांच्या बायका ट्रंक घेऊन सासरी परततात. जवानाच्या वर्षातली सुट्टी म्हणजे ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची किरकोळ रजा, तीही युनिटच्या सोयीनं तुकड्यातुकड्यांत. म्हणजे सगळी सुट्टी मिळाली तरी वर्षाचे नऊ महिने ती एकटी.

पूर्वी पत्रावर नवऱ्याचा नंबर, युनिट आणि लष्करी टपाल कार्यालयाचा नंबर, ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’, एवढंच लिहायचं. तो कोणत्या डोंगरावर आहे हे पोस्टमनलाही कळत नसे, बायकोलाही नाही. आता व्हिडिओ कॉल आहे, पण चौकीवर रेंज नसते किंवा फोन जमा असतो. चार दिवस फोन आला नाही की टीव्हीच्या बातम्या बघायच्या की बंद ठेवायच्या, हा प्रश्न त्या घरात रोज असतो.

गावात ती परतते तेव्हा तिच्याकडून अपेक्षा असते की तिनं निघाली होती तशीच परत यावं. जिनं एकटीनं पोराला घेऊन मिलिटरी हॉस्पिटल गाठलं, बँकेचे व्यवहार केले, अनोळखी शहरात रिक्षा ठरवली, तिला लोहाऱ्याच्या बाजाराला जायला पुन्हा कुणाची तरी सोबत लागते. सोयाबीन कधी विकायचं, विहिरीचं कर्ज काढायचं का, हे फोनवरून नवरा ठरवतो आणि घरात दीर. पगार तिच्या कुटुंबाचा, पण एटीएम कार्ड सासऱ्यांच्या खिशात. सगळ्याच घरांत असं नाही. पण फौजी घरांतल्या बायका एकमेकींशी बोलतात तेव्हा ही तक्रार पुन्हा पुन्हा निघते. छावणीनं तिला जे शिकवलं त्याचा गावाला काहीही उपयोग होत नाही. हे नुकसान तिचं आहे, त्याहून जास्त गावाचं आहे.

तीन मराठी नावं आणि एक अट

१७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्यात कर्नल संतोष महाडिक धारातीर्थी पडले. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी वयाची अट शिथिल करून घेऊन परीक्षा दिली, चेन्नईच्या अकादमीत खडतर प्रशिक्षण पुरं केलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये लेफ्टनंट म्हणून वर्दी चढवली. मेजर प्रसाद महाडिक डिसेंबर २०१७ मध्ये अरुणाचलात तवांगच्या सीमेवर निवाऱ्याला लागलेल्या आगीत गेले. विरारच्या गौरी महाडिक मार्च २०२० मध्ये अधिकारी झाल्या. मेजर कौस्तुभ राणे ७ ऑगस्ट २०१८ ला गुरेझमध्ये शहीद झाले. मीरा रोडच्या कनिका राणे नोव्हेंबर २०२० मध्ये अधिकारी झाल्या.

तिघींपुढे मान झुकतेच. पण तिघीही अधिकाऱ्यांच्या पत्नी आहेत आणि तिघींकडे पदवी होती. सेवेत मृत्यू पावलेल्या सैनिकाच्या पत्नीला अधिकारी होण्याचा हा रस्ता हुद्दा विचारत नाही, शिपायाच्या बायकोलाही तो खुला आहे. मात्र तो पदवी विचारतो आणि वयाची ३५ ची मर्यादा घालतो. दहावी-बारावीला शाळा सुटलेल्या, एकविसाव्या वर्षी लग्न झालेल्या सास्तूरच्या मुलीसाठी तो रस्ता पदवीच्या दारातच संपतो.

नियमांनीही या बायकांना बराच काळ आखून दिलेल्या घरातच ठेवलं. शौर्यपदकासोबतचा भत्ता विधवेनं पुनर्विवाह केला तर बंद होत असे. दिवंगत नवऱ्याच्या भावाशी केला तरच चालू राहत असे. तिनं कुणाशी लग्न करावं हे सरकारी कागद सुचवत होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये संरक्षण मंत्रालयानं ही अट काढून टाकली. त्यासाठी स्वातंत्र्यानंतर ७० वर्षं जावी लागली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता चित्र आणखी बदलतं आहे. जून २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांची सेवा आणि त्यानंतर चौथा हिस्साच कायम. भरतीच्या वेळी उमेदवार अविवाहित हवा. म्हणजे यापुढे फौजींच्या बायकांपैकी अनेकींच्या वाट्याला क्वार्टर, कँटीन आणि केंद्रीय विद्यालय येणारच नाही; नवरा चार वर्षांनी निवृत्तिवेतनाशिवाय परत येईल आणि संसार गावातच उभा करावा लागेल. अशा घरात बायकोचं शिक्षण ही चैन राहत नाही. ती घराची दुसरी मिळकत असते.

आपल्या हातातलं काम

हे काम मोठं नाही, पण कुणीतरी करायला हवं. बारावी झालेल्या मुलीला लग्नानंतर मुक्त विद्यापीठात घालता येतं. १९८९ मध्ये स्थापन झालेलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ मराठीतून पदवी देतं. बदलीवर जाणाऱ्या बाईसाठी याहून सोयीचं काही नाही: पुस्तकं ट्रंकेत जातात, परीक्षेला गावी येता येतं. नवरा फील्डला असताना गावात काढलेली तीन वर्षं म्हणजे एक पूर्ण पदवी. सासूबाईंनी सकाळचे दोन तास तिला मोकळे दिले तर ती होते.

ग्रामपंचायतीनं गावातल्या प्रत्येक फौजी घराची एक वही ठेवावी: पार्ट टू ऑर्डर झाली का, नावं सगळीकडे सारखी आहेत का, वारसाची नोंद आहे का, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड निघालं का. धाराशिवच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात या बाईला एकटीला जाता यावं, एवढी हिंमत तिला द्यावी. १५ ऑगस्टला झेंड्याखाली तिच्या नवऱ्याचा सत्कार करताना तिलाही माइक द्यावा आणि तिनं पाहिलेला मुलूख शाळेतल्या पोरांना सांगू द्यावा. ज्या गावानं भूकंपानंतर दुसऱ्यांनी आखलेल्या घरांना आपलं केलं, त्याला ही गोष्ट अवघड नाही.

७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन आहे. निधीच्या डब्यात पैसे टाकाच. पण त्या दिवशी आपल्या गावातल्या किंवा गल्लीतल्या एका फौजीच्या घरी जा, त्याच्या बायकोला भेटा, आणि पदवीचा अर्ज भरायला काय अडतंय ते तिला विचारा. फी अडत असेल तर भरा. वेळ अडत असेल तर तिच्या सासूशी बोला.